अण्णांच्या फाइलमधला आकडा

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा. यात थोडा आपल्या औंधचा इतिहास आहे, थोडा किडनीच्या आजाराचा, आणि थोडं आमच्या घरातलं आहे. घरातलं असं चारचौघांत मांडायची मला सवय नाही. पण हे मांडलं नाही तर पोस्ट लिहिण्यात अर्थच नाही.

आमचे अण्णा २०१९ साली गेले. शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा पहाटे उठून साताऱ्याला जायचं, चार तास मशीनवर, आणि संध्याकाळपर्यंत परत. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना जास्त सांगायला नको. पाणी मापून प्यायचं. उसाचा रस बंद, केळ बंद, नारळपाणी बंद. ज्या माणसाने आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायलं, तो चमच्याने बर्फ चोखायचा.

त्यांच्या आजाराचा पत्ता लागला २०१७ ला. पाय सुजले, अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ४.१. डॉक्टर म्हणाले, "फार उशिरा आलात." आम्हीही गावभर तेच सांगत राहिलो, उशिरा कळलं, नशीब. दुसरं काय.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना त्यांची फाइल हातात आली. सहज चाळली. २०११ ला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या. त्या कागदावर क्रिएटिनिन १.३. समोर छापलेली मर्यादा ०.७ ते १.४. म्हणजे नॉर्मल. मग २०१४ ला मोतीबिंदूच्या वेळी पुन्हा तपासणी. क्रिएटिनिन १.७. पुढे एक छोटी चांदणी छापलेली. खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, "ऑपरेशनला फिट."

म्हणजे आम्हाला उशिरा कळलं हे खरं नाही. कागदाला आधीच कळलं होतं. तो कागद तीन वर्षं आमच्याच कपाटात होता. फाइल घेऊन दवाखान्यात मीच गेलो होतो, आणि घरी आणून कपाटात मीच ठेवली होती. ऑपरेशन करणाऱ्यांनी डोळा बघितला, ते त्यांचं काम होतं. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून १.३ चं १.७ कसं झालं, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं. म्हणून ते कुणीच केलं नाही.

मी डॉक्टर नाही. मला जुन्या गोष्टींची आवड आहे एवढंच. म्हणून हा आकडा मुळात आला कुठून, ते शोधत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. पण सुरुवात औंधपासूनच करावी लागेल, कारण अण्णा औंधचे होते आणि त्यांचा सगळा भरवसा औंधच्या एका गोष्टीवर होता.

ती गोष्ट म्हणजे सूर्यनमस्कार.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, आपले बाळासाहेब महाराज, १९०९ ला गादीवर आले. तरुणपणी ते युजेन सँडोच्या पद्धतीने, परदेशी साधनं मागवून व्यायाम करायचे. पुढे ते सगळं सोडून सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. त्यावर स्वतः पुस्तक लिहिलं, फिल्म काढली. १९३८ मध्ये लंडनला 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने त्यांचं पुस्तक छापलं गेलं, तेव्हा ते सत्तरीत पोचले होते. आज जगभर लोक चटया टाकून जे घालतात, त्याच्या प्रचारात आपल्या या लहानशा संस्थानाचा वाटा केवढा आहे, हे आपल्याकडच्याच पोरांना माहीत नसतं.

संस्थान तरी केवढं? ७२ गावं, तीही एका जागी नाहीत. औंध इकडे सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ पार विजापूरकडे. पण एवढ्याशा राज्यात २१ जानेवारी १९३९ ला राज्यघटना लागू झाली आणि राजाने आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची मेहनत आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा पुढाकार, यातून ते घडलं. गावोगाव पंचायती निवडून आल्या. आपल्या गावाचं आपण बघायचं, हा त्यामागचा विचार.

मला या दोन्ही गोष्टींत एक धागा दिसतो. नमस्काराला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते. गरीब संस्थानातल्या गरीब पोराला परवडेल अशी तब्येतीची युक्ती राजाने शोधली आणि ती सगळ्यांना दिली. तब्येत ही श्रीमंताची चैन नाही, सगळ्या गावाचं ते काम आहे, असं मानणारा माणूस होता तो.

अण्णांचा जन्म १९५० चा. तोवर, १९४८ ला, संस्थान विलीन झालं होतं. पण नमस्कार शाळेतून गेले नव्हते. अण्णा साठीपर्यंत रोज पहाटे अंगणात नमस्कार घालायचे. आणि त्यामुळेच, पन्नाशीत साखर निघाली तेव्हा म्हणाले, "रोज नमस्कार घालणाऱ्याला काय होतंय?" गोळी कधी घेतली, कधी नाही. गुडघा दुखला की मेडिकलमधून पेनकिलर आणायची. पाच-सहा वर्षं हा क्रम.

नमस्काराचा यात दोष नाही. व्यायामाने साखर आणि बीपी दोन्हीला फायदाच होतो. पण अंग बाहेरून कितीही पिळदार असलं तरी आत काय चाललंय ते नमस्काराला दिसत नाही. किडनीचा आजार दुखत नाही, हीच त्याची खोड. निम्म्याहून जास्त काम बंद पडलं तरी माणूस शेतात कुळव धरून चालत असतो. तिला बघायचं तर रक्तातून किंवा लघवीतून. ही गोष्ट माणसाला कळायला किती वेळ लागला, ते आता बघा.

१८२७ साल. आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण ज्यांचं मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांचा जन्म याच साली पुण्यात झाला. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर होते. त्याच साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टरने एक ग्रंथ छापला. अंगावर सूज येऊन मेलेल्या रोग्यांची शरीरं उघडून त्याने बघितली होती, आणि त्यात खराब झालेल्या किडन्या सापडल्या होत्या. पण त्याचं मोठं काम पुढचं. रोगी जिवंत असतानाच हे ओळखायची सोपी रीत त्याने वापरली. रोग्याची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. अंड्याचा पांढरा बलक तापला की जसा घट्ट होतो, तशी लघवी गढूळ झाली तर समजायचं की किडनीतून प्रथिन गळतंय. त्या प्रथिनाचं नाव अल्ब्युमिन.

एक चमचा आणि एक मेणबत्ती. नमस्काराइतकंच स्वस्त. पुढे शंभरेक वर्षं या रोगाचं नावच 'ब्राइट्स डिसीज' होतं. १८४२ मध्ये गाइज हॉस्पिटलने ब्राइटला या रोग्यांसाठी वेगळे वॉर्ड आणि शेजारी प्रयोगशाळा दिली.

पुढचा टप्पा रक्ताचा. आपण हातपाय हलवतो, स्नायू काम करतात, त्यातून क्रिएटिनिन नावाचा कचरा रोज ठरावीक प्रमाणात तयार होतो. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की हा कचरा रक्तात साठतो. म्हणजे गटार तुंबलंय का हे बघायला गटारात उतरायची गरज नाही, अंगणात पाणी किती साचलं ते मोजायचं.

पण मोजायचं कसं? १८८६ मध्ये माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की पिक्रिक अॅसिड आणि अल्कली घातलं की क्रिएटिनिनमुळे द्रव नारिंगी-तांबडा होतो. रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. पुढच्या पिढीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ही रीत रक्तासाठी बसवली. आणि गंमत अशी की आजही कित्येक लॅबमधल्या झकपक मशीनच्या पोटात याफेचीच ही रंगाची रीत चालू आहे. अण्णांच्या फाइलमधला १.७ हा आकडा म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या तांबड्या रंगाचा पणतू.

रोग ओळखता येऊ लागला, पण उपाय नव्हता. १९४३ मध्ये, इकडे कुंडल भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, तेव्हा जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने सॉसेज भरायचं सेलोफेन लाकडी पिंपाला गुंडाळून पहिलं डायलिसिस मशीन बनवलं. पहिली दोन वर्षं त्याचे जवळजवळ सगळे रोगी दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. तिथून पुढे डायलिसिस जगभर गेलं.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द घराघरात पोचला तो बहुधा जयप्रकाश नारायणांमुळे. जून १९७५ ला आणीबाणीत त्यांना अटक झाली. चंदीगडला नजरकैदेत असताना तब्येत ढासळली. नोव्हेंबरात सुटका झाली, मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये आणलं आणि तिथे किडन्या निकामी झाल्याचं लक्षात आलं. तेव्हापासून १९७९ ला जाईपर्यंत त्यांचं आयुष्य मशीनला बांधलेलं होतं. १९७७ ला दिल्लीत सरकार बदललं, ते ज्या माणसामुळे बदललं तो डायलिसिसच्या वाराप्रमाणे जगत होता.

जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते एम. के. मणी. पुढे ते चेन्नईला गेले, मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये काम केलं, पद्मभूषण मिळालं. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. मशीनवर आलेल्या रोग्याला आयुष्यभर पोसणं या देशाला परवडणार नाही, हे त्यांनी आतून बघितलं होतं. म्हणून त्यांनी तमिळनाडूतली काही खेडी घेतली. गावातल्याच मुलींना शिकवलं. त्यांनी वर्षातून एकदा घरोघर जायचं, बीपी मोजायचं, लघवीत साखर आणि प्रथिन आहे का ते साध्या रसायनाने बघायचं. ज्यांच्यात काही निघेल त्यांचं रक्त तपासायचं आणि स्वस्तातल्या जुन्या गोळ्या सुरू करायच्या. बस. काही वर्षांनी तपासलं तेव्हा ज्या गावांत हे काम झालं तिथे किडनी मंदावलेली माणसं शेजारच्या गावांपेक्षा कमी निघाली. ब्राइटचा चमचा आणि औंधची पंचायत एकत्र आल्यासारखं ते काम आहे.

आता मूळ मुद्दा. क्रिएटिनिन १.३ नॉर्मल छापलं होतं ना? मग चुकलं काय?

चुकलं हे, की नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो. किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तालमीत जाणाऱ्या पोराचे स्नायू आणि आमच्या वाळक्या म्हातारीचे स्नायू सारखे कसे असतील? म्हणून १९७६ ला कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी वय आणि वजन धरून किडनीच्या कामाचा अंदाज काढायचं सूत्र दिलं. १९९९ ला आणखी चांगलं सूत्र आलं. २००२ ला अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या आजाराची व्याख्या आणि पाच पायऱ्या ठरवल्या, त्या जगाने उचलल्या. सूत्र पुन्हा सुधारलं २००९ ला आणि २०२१ ला. या हिशोबातून निघणारा आकडा म्हणजे ईजीएफआर. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते त्याचा अंदाज. ढोबळमानाने तुमची किडनी किती टक्के चालते, असं समजा. ९० च्या वर उत्तम, ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर दीर्घकाळचा किडनीचा आजार, आणि १५ च्या खाली म्हणजे शेवटची पायरी.

उदाहरण देतो. क्रिएटिनिन १.२. पंचवीस वर्षांच्या तरुणाचं असेल तर २०२१ च्या सूत्राने ईजीएफआर येतो सुमारे ८६. तोच १.२ बासष्ट वर्षांच्या बाईचा असेल तर येतो सुमारे ५१. एकाच लॅबचा एकच आकडा. पोरगं ठणठणीत, आणि बाईला डॉक्टर गाठायची वेळ आलेली. आणि कागदावर दोघांनाही कदाचित चांदणी नाही.

मग मी अण्णांचे तिन्ही कागद घेऊन बसलो आणि मोबाइलवर हिशोब केला. २०११ ला, वय ६१, ईजीएफआर ६२. २०१४ ला, वय ६४, ईजीएफआर ४४. २०१७ ला, वय ६७, ईजीएफआर १५.

६२, ४४, १५.

हे तीन आकडे ओळीने लिहिले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्यानंतर मला झोप लागली नाही, हे खोटं कशाला सांगू.

कुणी म्हणेल, लवकर कळलं असतं तरी काय केलं असतं? किडनी काय परत येते का? प्रश्न रास्त आहे. चाळीस वर्षांपूर्वी याचं उत्तर जवळजवळ 'काहीच नाही' असंच होतं. म्हणून तर त्या काळी लवकर शोधायची कुणाला घाई नव्हती. पण १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल नावाच्या बीपीच्या गोळीने मधुमेही रोग्यांच्या किडनीची घसरण मंदावते हे सिद्ध झालं. २००१ मध्ये लोसार्टनबद्दल तेच दिसलं. आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन. ही मुळात साखरेची गोळी, पण किडनीला वाचवते, साखर नसलेल्या रोग्यालाही, असं मोठ्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि ती बऱ्याच कंपन्यांची स्वस्तात मिळू लागली. कोणती गोळी कुणाला चालेल हे डॉक्टरच ठरवणार, माझ्या पोस्टवरून मेडिकलमध्ये जाऊ नका. पण २०१४ ला अण्णांचा ४४ कुणी वाचला असता तर साखर-बीपी ताब्यात आणणं, लोसार्टनसारखी गोळी, मीठ कमी आणि ती पेनकिलर बंद, एवढं तरी हातात होतं. डायलिसिस कायमचं टळलं असतं असं मी म्हणत नाही. काही वर्षं पुढे गेलं असतं. माझ्या मुलीचं लग्न २०२१ ला झालं. एवढंच म्हणतो.

आपल्या भागाबद्दल एक शब्द. खटाव-माण म्हणजे दुष्काळी पट्टा. उन्हातान्हात राबायचं, पाणी कमी प्यायचं, अंग दुखलं की गोळी टाकायची, हे आपल्याकडे शौर्य समजतात. मध्य अमेरिकेत उसाच्या शेतात राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये साखर-बीपी नसताना किडन्या गेल्याचं गेली वीसेक वर्षं दिसतंय. आंध्रात श्रीकाकुलमच्या उद्दानम भागात घराघरात असे रोगी आहेत आणि त्याचं नेमकं कारण अजून वादात आहे. आपल्याकडे तसंच आहे असा माझा दावा नाही. पण ऊसतोडीला जाणारी, उन्हात राबणारी माणसं आपल्याकडेही आहेत. त्यांच्या हातात कागदच नसतो, तर वाचणार काय?

आणि एक सावधगिरी. वाळलेल्या, कमी स्नायूंच्या माणसांत क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. त्यामुळे त्यांचा ईजीएफआर असतो त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. म्हणून रक्ताच्या जोडीला लघवीची तपासणी लागतेच. ब्राइटच्या चमच्याचं आजचं रूप म्हणजे एसीआर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ते ३० च्या वर असेल तर रक्ताचा आकडा चांगला असला तरी दुर्लक्ष करू नका. मधुमेह्यांत बऱ्याचदा पहिली खूण लघवीतच दिसते.

आता काय करायचं, ते साध्या भाषेत.

पहिलं, आज घरी गेल्यावर आईवडिलांची फाइल काढा. नवीन तपासणी नंतर. जुने कागद तारखेप्रमाणे लावा. प्रत्येकावर क्रिएटिनिन शोधा आणि एका वहीच्या पानावर तारीख, वय आणि आकडा लिहा. आकडा नॉर्मल आहे का एवढंच बघू नका, चढतोय का ते बघा.

दुसरं, लॅबला ईजीएफआर छापून मागा. त्याला वेगळं रक्त लागत नाही, नुसता हिशोब आहे. बऱ्याच लॅब आता छापतातही.

तिसरं, साखर, बीपी, हृदयाचा आजार, घरात कुणाला किडनीचा त्रास, वारंवार मुतखडा, वर्षानुवर्षं पेनकिलर, किंवा साठीच्या पुढचं वय, यातलं काही असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीची एसीआर करायची का हे डॉक्टरांना विचारा. साखर किंवा बीपी असेल तर ते नक्कीच करायचं. सगळ्याच तरण्याताठ्या माणसांची तपासणी करावी का यावर तज्ज्ञांत एकमत नाही, त्यामुळे उगाच पॅकेजच्या जाहिरातींना भुलू नका. क्रिएटिनिनला खासगीत शे-दोनशे रुपये लागतात. सरकारी दवाखान्यात तपासण्या मोफत होतात, तिथे आधी चौकशी करा. तीस वर्षांपुढच्यांची साखर-बीपी तपासणी तर सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई दारात आल्या तर "आम्हाला काय झालंय" म्हणून परत पाठवू नका.

चौथं, एका कागदावरून घाबरू नका. ताप, जुलाब, पाणी कमी पडणं, याने आकडा तात्पुरता वर जातो. आजार म्हणायला किमान तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासावं लागतं. पण पुन्हा तपासायचं विसरू नका. आम्ही तेच विसरलो.

पाचवं, दवाखाना कोणताही असो, डोळ्याचा, हाडाचा, दाताचा, ऑपरेशनआधी रक्त तपासलं की तो कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. "यात किडनीचं कसं आहे?" एवढं एक वाक्य विचारा. डॉक्टर रागावत नाहीत. मी आता विचारतो.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आजारावर पहिल्यांदाच ठराव केला आणि लवकर निदान करा असं सगळ्या देशांना सांगितलं. चांगलं आहे. पण जिनिव्हातला ठराव औंधच्या कपाटात पोचायला किती वर्षं लागतील? १९३९ ला आपल्या गावांनी दिल्ली-मुंबईची वाट बघितली नव्हती. तब्येतीसाठी फुकटातली युक्ती सगळ्या पोरांना शिकवावी, हे याच गावाने जगाच्या आधी केलं होतं.

माझा गावातल्या मंडळांना एक प्रस्ताव आहे. यंदा रक्तदान शिबिराच्या जोडीला एक दिवस 'फाइल वाचन' ठेवू. ज्येष्ठांनी जुने रिपोर्ट घेऊन यायचं. दोन-चार शिकलेली पोरं मोबाइलवर ईजीएफआर काढून वहीत लिहून देतील, आणि ज्यांचा आकडा उतरतोय त्यांना डॉक्टरकडे पाठवायचं. मशीन नको, मांडव नको. गावातले एक-दोन डॉक्टर तासभर बसले तरी पुरे. पहिल्या दिवशी मी अण्णांचे तीन कागद फळ्यावर लावीन. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा.

मी स्वतःचंही करून घेतलं. वय ५१, साखर काठावर, ईजीएफआर ८८, एसीआर ठीक. पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली आहे. पुढच्या वर्षी दुसरी.

पोस्ट कॉपी करून कुठल्याही ग्रुपवर टाका, माझं नाव नसलं तरी चालेल. पण टाकायच्या आधी घरातली फाइल उघडा.